अँड्रॉइड ॲपचे इन्स्टॉलेशन पॅकेज बनवताना: पहिल्या बिल्डपासून दुसऱ्या अपडेटपर्यंत

अँड्रॉइड स्टुडिओतले हिरवे ‘रन’ बटण दाबले की ॲप तुमच्या फोनवर झटक्यात चालू होते. मग तुम्ही बिल्ड फोल्डर धुंडाळून एपीके, म्हणजे इन्स्टॉलेशन पॅकेजची फाइल काढता, सहकाऱ्याला पाठवता आणि त्याच्या फोनवर एवढेच उमटते: ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’. कारण दिलेले नसते. हा लेख तिथे अडकलेल्यांसाठी आहे.

पहिले पॅकेज कसेबसे का होईना, बनतेच. ते पन्नास उपकरणांवर पोचते, लोक त्यात माहिती भरतात, आणि तीन आठवड्यांनी दुरुस्त केलेले दुसरे पॅकेज पाठवायची वेळ येते. ते जुन्यावर चढते का? आतली माहिती शाबूत राहते का? पॅकेज नीट बनवले होते की नाही ते तेव्हा कळते. म्हणून खाली ॲप्लिकेशन आयडी, साइन करायची ‘की’ (डिजिटल सहीची किल्ली) आणि व्हर्जन कोड या तीन गोष्टींना जास्त जागा दिली आहे. त्या चुकल्या तर मागे फिरता येत नाही. बाकी काही चुकले तर पुन्हा बिल्ड करता येते.

इथे कोटलिन किंवा जावातला, ग्रेडल या बिल्ड साधनावर चालणारा प्रकल्प गृहीत धरला आहे. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्हमध्ये वरची कमांड वेगळी असली तरी खाली ग्रेडलच राबत असतो, त्यामुळे बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतात. फोन, टॅबलेट आणि बारकोड वाचणारे हँडहेल्ड टर्मिनल या सगळ्यांसाठी पॅकेज एकाच जातीचे असते. आयफोनचा मामला संपूर्ण वेगळा असल्याने तो इथे घेतलेला नाही.

एक सूचना: कमांड, फाइली आणि एररची नावे खाली देवनागरीत लिहिली आहेत. संगणकाच्या टर्मिनलमध्ये (कमांड लाइनवर) त्यांचे नेहमीचे रोमन रूपच टाकायचे.

पॅकेजच्या पोटात काय असते

एपीके ही मुळात झिप फाइल आहे. नुसती उघडून पाहा: बायनरी रूपातली मॅनिफेस्ट फाइल (ॲपची ओळख, घटक आणि परवानग्यांची नोंद), कोडच्या ‘क्लासेस डॉट डेक्स’ फाइली, रिसोर्सची सूची असलेली ‘रिसोर्सेस डॉट एआरएससी’, चित्रे आणि मांडणीचे ‘रेस’ फोल्डर, आणि सी किंवा सी++ मधल्या लायब्ररी असतील तर ‘लिब’ फोल्डर. मात्र झिप आहे म्हणून आतली एखादी फाइल बदलून परत बंद करायला जाऊ नका. सही संपूर्ण फाइलवर केलेली असते, एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी फोन पॅकेज नाकारतो.

आधी जमवायची सामग्री

- अँड्रॉइड स्टुडिओ, किंवा नुसती एसडीकेची (अँड्रॉइड विकास-संचाची) कमांड लाइन साधने
- जेडीके (जावा विकास-संच) १७ किंवा त्यापुढची. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या ८ च्या मालिकेला किमान १७ लागते
- एसडीकेच्या ‘बिल्ड-टूल्स’ फोल्डरमधली एपीके-साइनर (सही करणारे), झिप-अलाइन (आतल्या फाइली ठरलेल्या सीमांवर बसवणारे) आणि एएपीटी-२ (पॅकेजची माहिती दाखवणारे) ही तीन साधने
- ‘प्लॅटफॉर्म-टूल्स’मधले एडीबी, म्हणजे संगणकावरून उपकरणाला आज्ञा देणारे साधन
- बंडलटूल, तेही एएबी (प्ले स्टोअरला द्यायचे बंडल) बनवणार असाल तरच
- पासवर्ड मॅनेजर आणि कीची प्रत ठेवायला दोन वेगळ्या जागा
- किमान दोन खरी उपकरणे: एक नवे, आणि एक तुमच्या वापरकर्त्यांकडचे सर्वांत जुने

शेवटच्या ओळीत काटकसर करू नका. एम्युलेटरवर (संगणकावरच्या आभासी फोनवर) बिनबोभाट चाललेले पॅकेज खऱ्या हँडहेल्डवर आडवे पडण्याची कारणे पुढे येतीलच.

१. ॲप्लिकेशन आयडी पक्की करा

उपकरणाच्या लेखी तुमच्या ॲपचे नाव म्हणजे ही आयडी. पडद्यावर दिसणारे नाव रोज बदला, फोनला फरक पडत नाही. आयडी बदलली तर फोन त्याला दुसरेच ॲप समजतो: जुने तसेच राहते, शेजारी नवे येऊन बसते आणि जुन्याची माहिती नव्याला मिळत नाही.

आयडीत किमान एक टिंब हवे, म्हणजे निदान दोन भाग. प्रत्येक भागाची सुरुवात अक्षराने, आणि आत फक्त अक्षरे, अंक व अंडरस्कोअर. आपल्या मालकीच्या डोमेनचे नाव उलटे करून लिहिण्याची पद्धत आहे. नमुना प्रकल्पात ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ने सुरू होणारी आयडी आपोआप आलेली असते. ती पहिल्याच दिवशी बदला, प्ले स्टोअर ती स्वीकारत नाही.

ग्रेडलमध्ये ‘नेमस्पेस’ नावाची दुसरी ओळ दिसते, तिच्याशी गल्लत करू नका. नेमस्पेस कोडच्या अंतर्गत सोयीसाठी आहे आणि ती केव्हाही बदलता येते. उपकरण पाहते ती ॲप्लिकेशन आयडी.

डीबग बिल्डला, म्हणजे चाचणीच्या बिल्डला, आयडीच्या मागे ‘डॉट डीबग’ असा प्रत्यय लावून ठेवा. मग एकाच फोनवर रिलीज आणि डीबग दोन्ही सुखाने नांदतात. पण मॅनिफेस्टमध्ये फाइल प्रोव्हायडरची ‘ऑथॉरिटी’ ठोकून लिहिलेली असेल तर दुसरे ॲप इन्स्टॉल होताना ‘कॉन्फ्लिक्टिंग प्रोव्हायडर’चा एरर येतो, कारण एका उपकरणावर एकाच नावाच्या दोन ऑथॉरिटी चालत नाहीत. तिथे आयडी हाताने न लिहिता ‘ॲप्लिकेशन आयडी’ हा ग्रेडलचा प्लेसहोल्डर वापरा.

२. व्हर्जनचे दोन आकडे

‘व्हर्जन नेम’ माणसांसाठी असते: १.४.२, ‘दिवाळी आवृत्ती’, काहीही लिहा. उपकरण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते पाहते ‘व्हर्जन कोड’, जो पूर्णांक असतो आणि प्रत्येक पॅकेजगणिक वाढलाच पाहिजे. नव्या पॅकेजचा कोड जुन्यापेक्षा लहान असेल तर इन्स्टॉल ‘व्हर्जन डाउनग्रेड’ म्हणून अडते.

१, २, ३ असे साधे आकडे पुरेसे आहेत. तारखेवरून कोड बनवण्याचा मोह अनेकांना होतो. वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला दोन अंकी क्रमांक, म्हणजे २०२५०६१५०१ असा दहा अंकी आकडा, चालतो. प्ले स्टोअरची कमाल मर्यादा २१० कोटी आहे आणि हा आकडा तिच्या आत बसतो. पण त्यात तास-मिनिटेही घुसवली तर पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जातो. शिवाय एकदा मोठ्या आकड्यावर उडी मारली की परत ४ किंवा ५ वर येता येत नाही. आम्हाला विचाराल तर साधे आकडे बरे, तारीख व्हर्जन नेममध्ये टाका.

३. किमान आणि लक्ष्य एसडीके

‘मिन एसडीके’ म्हणजे ज्याच्या खाली ॲप इन्स्टॉलच होणार नाही ती पातळी. ती ठरवण्यापूर्वी उपकरणांच्या सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडची आवृत्ती खरोखर पाहून या. गोदामांतले हँडहेल्ड टर्मिनल बरीच वर्षे वापरात राहतात आणि त्यांवर अँड्रॉइड ७ किंवा ८ अजूनही भेटते. अँड्रॉइड ७.० म्हणजे एपीआय पातळी २४, ८.० म्हणजे २६.

‘टार्गेट एसडीके’ म्हणजे कोणत्या आवृत्तीचे नियम तुम्ही मान्य केले आहेत ते. हा आकडा वाढवला की वागणूक बदलते, आणि बदल बिल्ड करताना दिसतोच असे नाही. नवख्यांना हमखास लागणाऱ्या तीन ठेचा:

२८ आणि पुढे: साध्या एचटीटीपी पत्त्यावरची वाहतूक आपोआप बंद. कार्यालयातल्या अंतर्गत सर्व्हरवर एचटीटीपीएस नसेल तर ॲप उघडते, पण माहिती येत नाही.

३० आणि पुढे: अँड्रॉइड ११ वर निव्वळ जुन्या पद्धतीची, म्हणजे व्ही१ सही चालत नाही. व्ही२ किंवा त्यापुढची हवी.

३१ आणि पुढे: इंटेंट फिल्टर असलेल्या प्रत्येक ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस आणि रिसीव्हरवर ‘एक्स्पोर्टेड’ हो की नाही ते स्पष्ट लिहावे लागते. एखाद्या जुन्या लायब्ररीच्या मॅनिफेस्टमध्ये ते राहिले तरी खापर तुमच्याच पॅकेजवर फुटते.

प्ले स्टोअरवर जाणार असाल तर टार्गेट दरवर्षी वाढवावेच लागते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲप आणि अपडेटसाठी एपीआय ३५ बंधनकारक झाली. स्टोअरबाहेर वाटणाऱ्यांवर ती सक्ती नाही, पण त्यांनाही फार मागे राहून चालत नाही: अँड्रॉइड १४ ची उपकरणे २३ पेक्षा कमी टार्गेट असलेली पॅकेजे इन्स्टॉल करू देत नाहीत.

४. की बनवा, आणि ती जपा

इथे घाई करू नका. अपडेट चढवताना उपकरण व्हर्जन कोडखेरीज आणखी एक गोष्ट ताडून पाहते: नव्या पॅकेजवरची सही जुन्याच कीची आहे ना. की हरवली की त्या ॲपचे अपडेट संपले. मग प्रत्येक उपकरणावरून जुने ॲप काढायचे, आतली माहिती जाऊ द्यायची आणि नवे टाकायचे.

पहिला गैरसमज: यासाठी कुणाकडून प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते. लागत नाही. अँड्रॉइडमध्ये स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र चालते, तीच इथली रीत आहे.

जेडीकेसोबत येणाऱ्या कीटूलला ‘जेनकीपेअर’ हा पर्याय द्या. सोबत की ज्यात राहते त्या कीस्टोअर फाइलचे नाव, आतल्या कीचे टोपणनाव म्हणजे ‘एलिअस’, प्रकार आरएसए, लांबी २०४८ किंवा ४०९६ बिट, आणि मुदत १०००० दिवस. दहा हजार दिवस म्हणजे सुमारे २७ वर्षे. आकडा थट्टेचा वाटेल, पण मुदत कमी ठेवण्यात फायदा शून्य आहे, आणि २२ ऑक्टोबर २०३३ च्या आत संपणारी की प्ले स्टोअर घेतच नाही.

मग नाव, विभाग, संस्था, शहर, राज्य आणि दोन अक्षरी देशसंकेत विचारला जातो. ही उत्तरे प्रमाणपत्रात कायमची कोरली जातात आणि एपीके हाती असलेला कुणीही ती वाचू शकतो. घरचा पत्ता वगैरे लिहू नका.

कीस्टोअरचा आताचा रूढ प्रकार पीकेसीएस१२ आहे. त्यात कीस्टोअरचा पासवर्ड आणि कीचा पासवर्ड एकच असतो. जुन्या लेखांत दोन वेगळे पासवर्ड द्यायला सांगितलेले असते, ते वाचून गोंधळू नका. ग्रेडलमध्ये दोन्ही ठिकाणी तोच घाला.

जपणुकीचे नियम थोडेच आहेत, पण ते पाळा. कीस्टोअर फाइल गिटमध्ये कधीही टाकायची नाही, खासगी रिपॉझिटरीतही नाही. दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवायची. पासवर्ड आणि एलिअस पासवर्ड मॅनेजरमध्ये, फाइलच्या शेजारी नव्हे. आणि संस्थेचे ॲप असेल तर ही की एका माणसाच्या लॅपटॉपवर राहता कामा नये. तो नोकरी सोडतो, लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिला जातो, आणि सहा महिन्यांनी अपडेट काढायची वेळ आल्यावर सगळ्यांना कीची आठवण होते.

प्ले स्टोअरवर ‘प्ले ॲप साइनिंग’मुळे थोडी सुटका आहे. तिथे वापरकर्त्यापर्यंत जाणारी सही गूगलकडच्या कीने होते, तुमच्याकडची की फक्त अपलोडसाठी असते आणि हरवली तर ती बदलून मिळते. स्टोअरबाहेर ही सोय नाही.

डीबग कीबद्दलही आत्ताच सांगायला हवे. ‘रन’ बटणाने बनलेले पॅकेज स्टुडिओने स्वतः बनवलेल्या डीबग कीने साइन होते. तिचा पासवर्ड सगळ्या जगात ‘अँड्रॉइड’ हाच असतो, पण की मात्र प्रत्येक संगणकावर वेगळी तयार होते. म्हणून तुमच्या संगणकावरचे डीबग पॅकेज सहकाऱ्याच्या संगणकावरून आलेल्या पॅकेजवर चढत नाही. चाचणीसाठी सुद्धा डीबग पॅकेज बाहेर वाटू नका.

५. ग्रेडलला की दाखवा

प्रकल्पाच्या मुळाशी ‘कीस्टोअर डॉट प्रॉपर्टीज’ नावाची फाइल करा. त्यात चार ओळी: फाइलचा मार्ग, कीस्टोअरचा पासवर्ड, एलिअस, कीचा पासवर्ड. ही फाइल लगेच गिटइग्नोरमध्ये घाला, ‘नंतर घालू’ म्हणू नका. मग ॲप मॉड्यूलच्या बिल्ड फाइलीत ‘साइनिंग कॉन्फिग’ बनवून या चार किमती वाचा आणि तो कॉन्फिग रिलीज बिल्ड प्रकाराला जोडा.

जोडायचे राहिले तरी बिल्ड यशस्वीच होते. फक्त बाहेर पडणाऱ्या फाइलच्या नावात ‘अनसाइन्ड’ असे शेपूट असते. ती फाइल कुठल्याच फोनवर चढत नाही. नुसते नाव बदलून ती पाठवणारे लोक खरोखर असतात.

६. रिलीज बिल्ड काढा

टर्मिनलमध्ये ग्रेडल रॅपरला ‘असेंबल रिलीज’ सांगितले की एपीके मिळते, ‘बंडल रिलीज’ सांगितले की एएबी. दोन्ही ॲप मॉड्यूलच्या ‘बिल्ड’ आणि त्यातल्या ‘आउटपुट्स’ फोल्डरात येऊन पडतात.

‘मिनिफाय’ आणि ‘श्रिंक रिसोर्सेस’ चालू केले की आर८ हे कोड आटवणारे साधन कामाला लागते. न वापरलेला कोड छाटते आणि उरलेल्या वर्गांची (क्लासची) नावे एक-दोन अक्षरांवर आणते. पॅकेज बरेच हलके होते, आणि ‘डीबगमध्ये चालते, रिलीजमध्ये कोसळते’ या तक्रारीचा उगमही बहुधा इथेच सापडतो. जो कोड नावावरून वर्ग किंवा फील्ड शोधतो, त्याला नाव बदललेले कळत नाही. जेसनमधून वस्तू भरणाऱ्या जीसॉनसारख्या लायब्ररीत हे फार घडते: ॲप कोसळतही नाही, फक्त सगळी फील्ड रिकामी येतात. अशा वर्गांवर ‘कीप’ लावा किंवा फील्डवर ‘सीरियलाइज्ड नेम’ लिहा. सगळे पॅकेजच ‘कीप’ करून टाकणे हा आळशी उपाय आहे. तसे केल्यावर आर८ चालू ठेवण्यात फारसा अर्थ राहत नाही.

आर८ प्रत्येक बिल्डला एक ‘मॅपिंग’ फाइल देते. कोणत्या नावाचे काय झाले त्याची ती यादी. पुढच्या बिल्डला ती पुसून नवी लिहिली जाते, म्हणून वाटलेल्या प्रत्येक पॅकेजची मॅपिंग फाइल लगेच बाजूला काढा. ती नसेल तर क्रॅशच्या अहवालात ‘ए डॉट बी डॉट सी’ असली अक्षरे दिसतील आणि त्यांचा अर्थ लावता येणार नाही.

फ्लटरवाल्यांसाठी खास: नमुना प्रकल्पात इंटरनेटची परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये असते. मुख्य मॅनिफेस्टमध्ये ती स्वतः घातली नाही तर रिलीज पॅकेज नेटशिवायच जन्माला येते.

७. एपीके हवी की एएबी?

ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअर नव्या ॲपसाठी एएबीच मागतो. स्टोअर त्यातून प्रत्येक उपकरणापुरते तुकडे काढून पाठवतो. पण एएबी फोनवर थेट इन्स्टॉल होत नाही. ती पाठवून ‘फाइल उघडत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. हातोहात वाटायचे असेल तर एपीकेच बनवा.

फक्त एएबी हाती असेल तर बंडलटूलच्या ‘बिल्ड एपीकेज’ला ‘युनिव्हर्सल’ मोड आणि कीचा तपशील द्या. बाहेर येणारी ‘डॉट एपीकेज’ फाइलही झिपच असते, तिच्या आतली ‘युनिव्हर्सल’ एपीके काढून घ्या.

आणि एक करू नका: स्टोअरवरून आलेले ॲप एका फोनमधून ‘बेस’ एपीके ओढून दुसऱ्या फोनला देणे. तो संपूर्ण पॅकेजचा एक तुकडा असतो. बाकीचे तुकडे नसल्याने इन्स्टॉल ‘मिसिंग स्प्लिट’ म्हणून अडते, किंवा झालेच तर ॲप उघडताच बंद पडते.

८. नेटिव्ह लायब्ररी असतील तर

तुम्ही स्वतः सी++ची एकही ओळ लिहिली नसेल तरी कॅमेरा, डेटाबेस किंवा बारकोडच्या लायब्ररीसोबत ‘डॉट एसओ’ फाइली आलेल्या असतात. ‘लिब’ फोल्डरमध्ये बघा. तिथे प्रोसेसरच्या जातीनुसार उपफोल्डर असतात: ३२ बिटी आर्म, ६४ बिटी आर्म, आणि एम्युलेटरला लागणाऱ्या एक्स८६ च्या दोन.

फक्त ६४ बिटी ठेवून आकार कमी करू, हा विचार हँडहेल्डवर अंगाशी येऊ शकतो. स्वस्त उपकरणांत चिप ६४ बिटी आणि तीवर चालणारे अँड्रॉइड ३२ बिटी, अशी जोडी सापडते. एडीबी शेलमधून ‘गेटप्रॉप’ला ‘एबीआय लिस्ट’ (चालणाऱ्या प्रोसेसर-जातींची यादी) विचारा, उपकरण स्वतःच सांगते. उलट पिक्सेल ७ पासून काही फोन फक्त ६४ बिटीच चालवतात. म्हणून बाहेर वाटायच्या पॅकेजमध्ये दोन्ही आर्म ठेवा आणि एक्स८६ काढून टाका.

अर्धवट फोल्डरचा सापळा जास्त फसवा. समजा, एका लायब्ररीने दोन्ही जातींच्या फाइली दिल्या आणि दुसऱ्या जुन्या लायब्ररीने फक्त ३२ बिटी. उपकरणाला ६४ बिटी फोल्डर दिसते, ते तेच निवडते आणि दुसरी लायब्ररी तिथे नसते. पॅकेज विनातक्रार इन्स्टॉल होते, ॲप उघडते, आणि नेमके स्कॅन करायला गेल्यावर ‘अनसॅटिस्फाइड लिंक’ म्हणून कोसळते. दोन्ही उपफोल्डरांतल्या फाइलींची यादी शेजारी ठेवून जुळवणे हा त्यावरचा दोन मिनिटांचा इलाज.

नव्या उपकरणांवर मेमरीचे पान ४ केबीऐवजी १६ केबीचे येऊ लागले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढे टार्गेट करणाऱ्या नव्या ॲप व अपडेटसाठी प्ले स्टोअर १६ केबीची सुसंगतता मागतो. ग्रेडल प्लगइन ८.५.१ किंवा पुढची ठेवा आणि लायब्ररींच्या ताज्या आवृत्त्या घ्या. एनडीकेची (सी/सी++ साठीच्या अँड्रॉइड विकास-संचाची) २८ वी आवृत्ती आपणहूनच त्या हिशेबाने जुळवणी करते.

९. हाताने साइन करायचे असेल तर क्रम पाळा

ग्रेडल हे सगळे स्वतः करतो, त्यामुळे बहुतेकांना ही पायरी लागणार नाही. बाहेरून अनसाइन्ड पॅकेज आले असेल, किंवा की वेगळ्या सुरक्षित संगणकावर असेल तेव्हाच लागते. आधी झिप-अलाइन, मग एपीके-साइनर. उलट केले तर अलाइन करताना फाइल बदलते आणि सही मोडते. जुन्या लेखांत जारसाइनर वापरलेला असतो आणि तिथे क्रम नेमका उलटा सांगितलेला असतो. ते त्या काळी बरोबर होते, पण जारसाइनर फक्त व्ही१ सही करतो, आणि ती आज कुठे अडते ते वर आलेच आहे.

१०. पाठवण्यापूर्वी फाइलच तपासा

एपीके-साइनरला ‘व्हेरिफाय’ सांगून ‘प्रिंट सर्ट्स’ जोडा. प्रमाणपत्राचा एसएचए-२५६ ठसा दिसेल. पहिल्या रिलीजला तो लिहून ठेवा आणि पुढे दर वेळी ताडून पाहा. प्रमाणपत्राच्या नावात ‘अँड्रॉइड डीबग’ दिसले तर तिथेच थांबा.

मग एएपीटी-२ ला ‘डंप बॅजिंग’ सांगा. आयडी, व्हर्जन कोड, मिन आणि टार्गेट, परवानग्या आणि प्रोसेसरच्या जाती एका पानावर मिळतात. ‘ॲप्लिकेशन डीबगेबल’ ही ओळ रिलीजमध्ये असता कामा नये. परवानग्यांची यादी सावकाश वाचा. लायब्ररी आपल्या परवानग्या गुपचूप मिसळतात, आणि साध्या हजेरीच्या ॲपने लोकेशन का मागितले याचे उत्तर शेवटी तुम्हालाच द्यावे लागते.

गूगल साइन-इन किंवा नकाशे वापरत असाल तर त्यांच्या कन्सोलमध्ये रिलीज कीचाही ठसा नोंदवा. केवळ डीबगचा नोंदवलेला असेल तर रिलीजमध्ये साइन-इन ‘एरर १०’ देऊन परत फिरते. प्ले ॲप साइनिंग असेल तर तिसरा ठसाही आहे, गूगलकडच्या कीचा, तो प्ले कन्सोलमधून घ्यावा लागतो.

११. कोऱ्या फोनवर नव्हे, जुन्यावर चढवून पाहा

आधी मागचे वाटलेले रिलीज पॅकेज टाका. ॲप उघडून चार नोंदी भरा, लॉग-इन करा. मग एडीबी इन्स्टॉलला ‘आर’ पर्याय देऊन नवे पॅकेज वरून चढवा. नोंदी दिसतात का? लॉग-इन टिकले का? रूम या लायब्ररीने बनवलेल्या डेटाबेसची रचना बदलून त्याची व्हर्जन वाढवायची राहिली असेल तर ॲप इथेच ‘डेटा इंटिग्रिटी’ची तक्रार करून बंद पडते. कोऱ्या फोनवर ही चूक कधीच दिसत नाही.

कोऱ्या इन्स्टॉलची चाचणी घेतानाही एक गंमत आहे. अँड्रॉइड ६ पासून आपोआप बॅकअप होतो, आणि ॲप काढून परत टाकले की जुनी माहिती कधीकधी परत येते. ‘कोरा’ वाटणारा फोन मग कोरा नसतो. चाचणीपुरता बॅकअप बंद ठेवा.

१२. उपकरणांपर्यंत पोचवा

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणार असाल तर एपीके फाइलसाठी अँड्रॉइड पॅकेजचा ठरलेला माइम प्रकार (फाइलची जात सांगणारी खूण) लावा, नाहीतर काही ब्राउझर ती झिप समजून उतरवतात. ईमेलच्या भरवशावर राहू नका. जीमेल एपीके जोडू देत नाही, झिप करून दिली तरी नाही. दुव्याशेजारी फाइलचा एसएचए-२५६ आकडा लिहा, अर्धवट उतरलेली फाइल त्यावरून लगेच ओळखता येते.

अँड्रॉइड ८ पासून ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ ही परवानगी संपूर्ण फोनला नसून ज्या ॲपमधून फाइल उघडली त्याला द्यायची असते. ब्राउझरला दिली आणि फाइल मॅनेजरमधून उघडली तर फोन पुन्हा विचारतो. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशन वाचण्याच्या सेटिंग सहजी चालू करता येत नाहीत. त्यांवर अवलंबून असाल तर वापरकर्त्यांच्या सूचनापत्रात ती पायरी चित्रासह द्या.

उपकरणे पन्नासाच्या वर गेली की एमडीएम, म्हणजे अनेक उपकरणे दुरून सांभाळणारी यंत्रणा घ्या. ‘डिव्हाइस ओनर’ म्हणून नोंदलेली यंत्रणा पडद्यावर काहीही न विचारता पॅकेज चढवते. पण तिथेही आधी तीन-चार उपकरणांवर पाठवून एक पूर्ण दिवस जाऊ द्या. आणि हँडहेल्डवर गूगल प्ले सर्व्हिसेस आहेत का ते आधीच पाहा. नसतील तर पुश सूचना आणि नकाशे चालणार नाहीत.

स्टोअरबाहेर वाटणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. प्रमाणित उपकरणांवर फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरांचीच ॲप इन्स्टॉल होतील, असे धोरण गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांपासून.

एरर वाचायचे कसे

फोनचा पडदा कारण लपवतो, एडीबी सांगते. म्हणून ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’ दिसले की तर्क लढवत बसू नका, केबल जोडून एडीबीने तीच फाइल टाका.

- अपडेट इनकम्पॅटिबल: आयडी तीच, सही वेगळी. बहुतेक वेळा फोनवर डीबग पॅकेज आधीच बसलेले असते. कामाच्या प्रोफाइलमध्ये किंवा दुसऱ्या यूजरखाली दडलेले असले तरी हाच एरर येतो.
- पार्स फेल्ड, नो सर्टिफिकेट्स: पॅकेज साइनच झालेले नाही, किंवा टार्गेट ३० किंवा त्यापुढे आणि सही फक्त व्ही१.
- नो मॅचिंग एबीआयज: या प्रोसेसरच्या लायब्ररी आत नाहीत.
- ओल्डर एसडीके: उपकरण तुमच्या मिन एसडीकेपेक्षा जुने.
- टेस्ट ओन्ली: ‘रन’ बटणाची फाइल उचलली आहे. एडीबीला ‘टी’ पर्याय देऊन ती चढते, पण योग्य उपाय म्हणजे रिलीज बिल्ड.
- रिसोर्सेस एआरएससी कॉम्प्रेस्ड, उणे १२४: कुणीतरी एपीके उघडून पुन्हा झिप केली आहे. टार्गेट ३० पासून ही फाइल न दाबता, ४ बाइटच्या सीमेवरच ठेवावी लागते.
- इनसफिशियंट स्टोरेज: याचा अर्थ मात्र खरोखर तोच. इन्स्टॉल होताना पॅकेजच्या आकारापेक्षा बरीच जास्त जागा लागते.

प्रत्येक रिलीजमागे काय ठेवायचे

व्हर्जन कोडच्या नावाचा एक फोल्डर. त्यात वाटलेली नेमकी एपीके, मॅपिंग फाइल, गिटचा टॅग, प्रमाणपत्राचा ठसा आणि फाइलचा एसएचए-२५६. एपीके पुन्हा बिल्ड करता येईल म्हणून टाकून देऊ नका. लायब्ररींच्या आवृत्त्या सरकलेल्या असतात, आणि पायरी ११ मधल्या चाचणीला लोकांच्या हातात असलेलीच फाइल लागते.